टाकीवरचा पिपाण्या

“…आणि पिपाण्या चालता चालताच झोपला!” रीळकाकांनी टेबलावर थाप मारली. “पाय चालू, डोळे मिटलेले, तोंडाला ट्रम्पेट. पुढे चौक आला. बँड वळला डावीकडे आणि हे ध्यान गेलं सरळ!”

नववीचा वर्ग बाकांच्या टोकाशी सरकून ऐकत होता.

“सरळ म्हणजे कुठे? तर थेट आगीच्या बंबवाल्यांच्या परेडमध्ये. मोठे साहेब सलामी घेतायत, बंबवाले खांबासारखे ताठ, आणि मधूनच हा झोपेत वाजवत चाललाय. साहेबांना वाटलं, वरून काहीतरी नवीन हुकूम आला असेल. त्यांनी ठोकला सलाम! पिपाण्यानं झोपेतच मान डोलावली आणि पुढे निघाला. आजही त्या परेडमध्ये शेवटचा माणूस डोळे मिटून चालतो. का, ते कुणालाच माहीत नाही. पण मोडायची हिंमतही कुणाला होत नाही.”

वर्गात असा हशा उठला की शेजारच्या आठवीच्या बाईंनी भिंतीवर डस्टर आपटलं.

कोपऱ्यात आरोग्य केंद्राच्या सिस्टर उभ्या होत्या. हातात यकृताचा गुंडाळलेला तक्ता, आणि चेहऱ्यावर नवऱ्याचे तेच ते विनोद पाहुण्यांसमोर पुन्हा ऐकणाऱ्या बायकोचे भाव. दोघांमध्ये नातं काहीच नव्हतं, फक्त तास वाटून घेतलेला असायचा. आधी सिस्टर सांगणार: तंबाखूनं फुप्फुसाचं काय होतं, दारूनं यकृताचं, व्हाइटनर हुंगल्यानं मेंदूचं आणि खोकल्याचं औषध बाटल्याच्या बाटल्या रिचवल्यावर श्वासाचं. मुलं ते वहीत उतरवून घेणार आणि वहीतच ठेवणार. मग रीळकाका उठणार आणि मागच्या बाकावरची पेंगणारी डोकीसुद्धा वर येणार.

“काका, पोस्टाच्या पेटीचं सांगा!”

“ते नको, ते माझ्या दादाच्या वर्गाला सांगितलंय, मला पाठ आहे. टाकी सांगा, टाकी!”

टाकी शेवटी यायची. गोळ्या, बाटल्या, हुंगायचं, फुंकायचं, असं सगळं करून झाल्यावर पिपाण्याला आपण कापसासारखे हलके झाल्याचं वाटायला लागायचं. तो पाण्याच्या टाकीवर चढायचा आणि तिथे उभा राहून एकच सूर लावायचा. सूर इतका लांबायचा की खाली गावातली घड्याळं थांबायची, न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबायचा, भांडणाऱ्या शेजारणी ‘तुझी’पर्यंत येऊन थांबायच्या.

“आणि सूर काही संपेना,” रीळकाकांनी आवाज खाली आणला. “लोकांनी वर बघितलं, तर वर कुणीच नाही. माणूस संपला, सूर राहिला. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी खर्र खर्र आवाज येतो की नाही? तुमचे विज्ञानाचे सर म्हणतील, ती पाइपातली हवा. म्हणू द्या बिचाऱ्यांना.”

यानंतर ते “म्हणून बाळांनो, नशेच्या वाटेला जाऊ नका,” असं न चुकता म्हणत. पण ते हशात, टाळ्यांत आणि घंटेत बुडून जाई. इतक्या वर्षांत ते वाक्य कुणी ऐकल्याचा पुरावा नव्हता.

पहिल्या बाकावरची एक मुलगी हसून हसून डोळे पुसत होती. तोंडाला जरा विश्रांती नाही, म्हणून अख्खी शाळा तिला टकळी म्हणायची.

“काका, एवढ्या उंच चढताना त्याला भीती नाही वाटली?”

“भीती?” रीळकाका दारातून वळून म्हणाले. “पिपाण्याला भीती कशाशी खातात तेच माहीत नव्हतं.”

परत जाताना सिस्टर गाडी चालवत म्हणाल्या, “तुमचा पिपाण्या निवडणुकीला उभा राहिला तर बिनविरोध येईल. माझ्या यकृताचं डिपॉझिट जप्त.”

रीळकाका खुशीत हसले. मुळात ते आरोग्य खात्याच्या सिनेमागाडीचे ऑपरेटर. गाडीत प्रोजेक्टर, पांढरा पडदा आणि एकच सिनेमा. त्यातला माणूस सिगारेटी ओढून खोकत खोकत डॉक्टरच्या दारापर्यंत पोचायचा आणि तिथे, बरोब्बर तिथेच, रीळ तुटायचं. त्या डॉक्टरनं पुढे काय सांगितलं हे न कळताच गावोगावच्या मुलांची शिक्षणं पूर्ण झाली, लग्नं झाली. रीळ चिकटवेपर्यंत अंधारात मुलं दंगा करत, म्हणून काका बोलायला लागले. मग गोष्ट इतकी रंगायला लागली की रीळ धड असलं तरी मुलं ओरडायची, “काका, तोडा!” पुढे प्रोजेक्टर भंगारात गेला, गाडी गेली, काकांची नोकरी संपली. तरी शाळा सिस्टरना सांगत, काकांना घेऊन या. सिस्टर स्वतःच्या गाडीतून त्यांना न्यायला येत, आणि काका इस्त्रीचा सदरा घालून आधीच फाटकाशी उभे असत.

काही दिवसांनी सिस्टर आल्या तेव्हा शाळा नव्हती.

“गाडीत बसा,” एवढंच म्हणाल्या. इस्पितळाच्या आवारात शिरता शिरता त्यांनी सांगितलं, “नववीतली ती बडबडी मुलगी. खोकल्याचं औषध प्यायली. आता धोका टळलाय. पण का प्यायली, ते तुम्ही तिच्याच तोंडून ऐका.”

मुलांच्या वॉर्डात खिडकीकडच्या खाटेशी तिची आई बसली होती. घरामागच्याच बेकरीतून तशीच धावत आलेली, कोपरापर्यंत पीठ, ते अजून धुतलेलं नव्हतं.

“तुम्हीच का रीळकाका?” ती उठलीच. “बसा ना, इथे बसा. अहो, घरात दिवसभर तुमचंच नाव. नळ खरखरला की दोघं भावंडं धावत सुटतात, पिपाण्या आला म्हणून. तुम्ही आलात, तिला किती बरं वाटेल!”

रीळकाका बसले नाहीत. समोरची बाई शिव्या देईल अशी तयारी करून आले होते ते. खुर्ची पुढे करील अशी तयारी नव्हती.

“मला वाटलं, झोपलीय,” आई सांगायला लागली. हे तिनं सकाळपासून येईल त्याला सांगितलं असावं, कारण ती कुणाकडे न बघता बोलत होती. “परीक्षा जवळ आलीय, दमली असेल म्हटलं. तोंडावर ऊन येत होतं म्हणून मी पडदा ओढला. धाकट्याला दोनदा रागावले, हळू बोल, ताई झोपलीय. पण ते कार्टं कसलं ऐकतंय! त्यानं चित्र काढलं होतं, ते तिला दाखवायचंच होतं. त्यानं बोटानं तिची पापणी वर केली आणि भोकाड पसरलं. मी त्याला मारायला म्हणून आत गेले हो. ओठ निळे पडले होते तिचे.”

रीळकाकांनी खुर्चीची पाठ धरली आणि मग ते बसले.

“काय झालं?” आईनं विचारलं. “पाणी देऊ?”

“नको. पडदा कसला होता?”

“अं?”

“काही नाही,” रीळकाका म्हणाले. “काही नाही, बाई.”

आई पाणी आणायला गेली तशी खाटेवरच्या पांघरुणातून टकळीनं डोकं बाहेर काढलं. आवाज बसला होता, पण टकळी चालू होती.

“काका, तुमच्या गोष्टीतल्यासारखी मजा नाही आली. चालता चालता नाही झोपले मी, नुसतीच झोपले. आणि मग इथे नळ्या.” तिनं हात वर करून सुईवरची पट्टी दाखवली. “पण शाळेत सगळे मला आता पिपाणी म्हणतील. माहितीये? सहलीला आमचा अख्खा ग्रुप असंच करणार आहे. तिथे टाकीपण आहे, खरीखुरी! बाटल्या आणून लपवून ठेवल्यात. कुणाला सांगू नका हं.”

“कुणाला काही झालं म्हणजे?”

“होत नाही हो काही. मी आहे की इथे! आणि पिपाण्याला कुठे काय झालं? तो तर अजून वरच आहे.” ती हसली. ओठ सुकून भेगाळले होते, हसताना दुखलं असावं. “तुम्ही आमच्या बाजूचे आहात ना, म्हणून सांगितलं.”

बाहेर व्हरांड्यात येताच रीळकाकांनी सगळं सिस्टरना सांगून टाकलं. कुणाच्या बाजूचे वगैरे विचार करण्यात त्यांनी क्षणही घालवला नाही.

“मोठ्या बाईंना कळवते,” सिस्टर म्हणाल्या. “दप्तरं तपासतील. पण दप्तरात नसल्या तर? आणि सापडल्या तरी, औषधाची दुकानं काय दप्तरात असतात?”

“मी येतो. चांगला रागावतो एकेकाला.”

“तुम्ही रागावलात तर मुलं म्हणतील, आज काकांना बरं नाही.”

“मग तुम्ही नीट समजावून सांगा. श्वासाचं वगैरे.”

“काका,” सिस्टर थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “मी इतकी वर्षं खरं सांगतेय, ते मुलं लिहून घेतात. तुम्ही खोटं सांगता, ते करून बघतात.”

समोरून एक वॉर्डबॉय रिकामी खाट ढकलत गेला. चाकांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

“त्याचं खरं काय झालं?” सिस्टरनी विचारलं. इतक्या वर्षांत, इतक्या रस्त्यांवरून एकत्र जाताना, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. “होता ना तो खरंच?”

“होता तर!”

“मग?”

रीळकाकांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. “चहा घेऊ या का?” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ते घराच्या ओट्यावर एकटेच बसले. समोरच्या गल्लीत मुलं चेंडू खेळत होती, आणि तशाच एका गल्लीत वाढलेला एक मुलगा त्यांना राहून राहून आठवत होता. गोष्टीतला नव्हे. गोष्टीतला पिपाण्या वर्षागणिक वाढत गेला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या की बोटभर उंच व्हायचा. खरा पिपाण्या बुटका होता. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा. टाकी लांब राहिली, गच्चीवर गेला तरी मधोमध उभा राहायचा, कठड्याशी जायचा नाही. थंडीच्या दिवसांत ट्रम्पेट सदऱ्याच्या आत, पोटाशी घेऊन फिरायचा, ओठांना गार लागू नये म्हणून. त्यामुळे नेहमी पोट पुढे आल्यासारखा दिसायचा आणि बँडमधले त्याला विचारायचे, कितवा महिना?

बँडच्या दुकानाला छोटी गॅलरी होती. पिपाण्या तिथे उभा राहून सूर लावायचा आणि रीळकाका, ज्यांना तेव्हा काका म्हणायला कुणी जन्मलेलं नव्हतं, ते खालून गल्लीच्या टोकाकडे चालायला लागायचे. जोडे शिवणाऱ्याच्या टपरीपर्यंत पोचेस्तोवर सूर टिकला तर चहा त्यांनी पाजायचा. चहा नेहमी त्यांनीच पाजला. कधी कधी ते मुद्दाम हळू चालत, वाटेत चपलेतला खडा काढत, टपरीवाल्याशी बोलत उभे राहत. मागून सूर येतच असायचा, नुसता सरळ, ताणलेल्या दोरीसारखा. त्या दोरीला धरून माणूस कुठेही जाऊन परत यावा.

तो गेला त्याच महिन्यात कुठल्याशा शाळेत रीळ तुटलं. काळोखात मुलं ओरडायला लागली. काकांच्या तोंडून निघून गेलं, “माझा एक मित्र आहे…” आहे, असं म्हणाले ते. परेडमध्ये पेंगत पेंगत तो खरंच चार पावलं चुकीकडे गेला होता, तेवढं सांगितलं. मुलं हसली. मग एक चिमुरडा आवाज आला, “पुढे काय झालं?”

पुढे जे झालं होतं ते मुलांना सांगण्यासारखं नव्हतं. खिडकीचं दार किलकिलं होतं, बाहेर पाण्याची टाकी दिसत होती. काकांनी पिपाण्याला तिच्यावर चढवलं. एकदा वर गेलेल्याला खाली उतरवायचा धीर पुन्हा झालाच नाही. आणि खरं सांगायचं तर गरजही वाटली नाही. शाळा उघडल्या की पिपाण्या भेटायचा, दरवर्षी, नव्या वर्गात, तोच वीस-बावीसचा. काकांचे केस गेले, दात गेले, गुडघे गेले, तो तसाच.

आता त्याला उतरवायचं म्हणजे कुठे नेऊन ठेवायचं, ते काकांना पक्कं माहीत होतं.

दप्तरं तपासली गेली. एकात जिवंत बेडूक सापडला, बाटली एकही नाही. सहलीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी सिस्टरना आणि काकांना पुन्हा तास दिला. “शेवटचा,” असं त्यांनी काकांकडे बघत सांगितलं, आणि स्वतः मागे भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या.

काका आत शिरले तसा वर्गानं बाकांवर बँडचा ठेका धरला. टकळी खिडकीशी होती, जराशी फिकट, पण शेजारणीला कोपरखळ्या मारण्याइतकी बरी. शेवटच्या बाकावरच्या ज्या उंच पोराला सगळे शिडी म्हणत, त्यानं दोन्ही मुठी तोंडाशी धरून ट्रम्पेट वाजवला. ग्रुपचा पुढारी तोच असणार. अशा मुलांचा पुढारी ओळखायला काकांना कधी वेळ लागला नव्हता.

ते टेबलाशी उभे राहिले. परेड, पोस्टाची पेटी, टाकी, सगळं जिभेवर कपडे घालून तयार होतं. तोंड उघडलं असतं तर आपोआप बाहेर पडलं असतं, आणि वर्ग त्यांचा झाला असता.

“आज पिपाण्याची गोष्ट नाही,” ते म्हणाले.

“अरे!” वर्ग कळवळला.

“आज पिपाण्या सांगतो. तो बुटका होता.”

हशा.

“कुत्र्यांना घाबरायचा. आणि गच्चीवर गेला तरी मधोमधच उभा राहायचा.”

“काका, हे नवीन कुठलं?” शिडी ओरडला.

“जुनं आहे रे. सगळ्यात जुनं. एका हिवाळ्यात त्याला खोकला झाला. दवाखान्यातून औषध आणलं. खोकला गेला, बाटली राहिली. सुरुवातीला त्याला बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला सांगू? अंगावर कुणी मऊ पांघरूण घातल्यासारखं वाटतं, म्हणायचा. मग ते पांघरूण काही केल्या निघेना. आणि पोट बंद पडलं.”

मुलं एकमेकांकडे बघून खुसखुसली.

“हसा, हसा. आम्हीही हसायचो. आठवडा आठवडा संडासला व्हायचं नाही. बँड निघायच्या वेळी हा पोट धरून भिंतीशी बसलेला. अंगाला खाज, वाजवता वाजवता खाजवायचा. औषधात साखर, त्यानं दात किडले. पुढचे दात हलायला लागल्यावर ट्रम्पेट ओठांवर दाबून बघा म्हणजे कळेल. बंबवाल्यांच्या परेडमध्ये तो गेला होता, ते खरं आहे. पण सलाम कुणी ठोकला नाही. बँडमास्तरनं सगळ्यांसमोर त्याच्या हातातून ट्रम्पेट काढून घेतला.”

आता बाकांवरचा ठेका थांबला होता. काकांनी सुराचं सांगितलं, जोडे शिवणाऱ्याच्या टपरीचं, चहाचं.

“मग सूर दूधवाल्याच्या दुकानापर्यंतच यायला लागला. मग शेजारच्या दारापर्यंत. शेवटी शेवटी मी पाऊलच उचलायचो नाही. एका जागी उभा राहायचो आणि खालून ओरडायचो, पोचला रे, पोचला! त्याला वरून दिसत असणारच की मी कुठे आहे. पण तो खाली यायचा आणि माझ्याकडून चहा प्यायचा.”

मागे भिंतीशी मोठ्या बाईंनी हाताची घडी सोडली होती.

“एका दुपारी मी त्याला बोलवायला गेलो. दारात त्याची आई होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलाय. ऊन येत होतं म्हणून तिनं खिडकीला पडदा लावला होता. आत तो कुशीवर होता, घोरत होता जरासा. मी बाहेर पायरीवर बसलो. गल्लीतली पोरं दंगा करत होती, त्यांना मीच हाकललं. आई भांडी घासत होती, तर आवाज होऊ नये म्हणून खाली फडकं अंथरून त्यावर एकेक भांडं ठेवत होती. सगळी दुपार आम्ही कुजबुजत होतो. मधे त्याचं घोरणं थांबलं, तेव्हा आई मला म्हणाली, आता कशी शांत झोप लागली बघ.”

खिडकीशी टकळीच्या कोपरखळ्या बंद झाल्या होत्या.

“संध्याकाळी ती चहा घेऊन आत गेली,” रीळकाका म्हणाले.

कुणी ‘पुढे काय झालं’ असं विचारलं नाही.

टकळीचा आवाज आला, पण तिचा वाटू नये असा. “तुमच्यापैकी कुणीच त्याला हलवलं नाही?”

“नाही, बाळ. आम्ही सगळे शहाणे होतो. त्या घरात तुझ्या धाकट्यासारखं न ऐकणारं कार्टं नव्हतं.”

टकळीनं एकदम तोंड खिडकीकडे वळवलं.

सिस्टर कोपऱ्यातून पुढे आल्या. तक्ता त्यांनी उघडलाच नाही. “मेंदूच्या बुडाशी एक जागा असते,” त्या म्हणाल्या, “झोपेतही आपल्याला श्वास घ्यायला लावणारी. हे औषध, झोपेच्या गोळ्या, दारू, ही सगळी त्या जागेलाच झोपवतात. दोन एकत्र आली तर फार लवकर. माणूस घोरल्यासारखा वाटतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, छान झोपलाय.”

हेच त्या मागच्या वेळी बोलल्या होत्या, जवळजवळ याच शब्दांत. पण आज कुणी लिहून घेत नव्हतं.

“म्हणून असं कुणी झोपलेलं दिसलं,” काका म्हणाले, “आणि हाक मारून उठेना, तर हळू बोलू नका. बोंब मारा. हलवा, कुशीवर वळवा, मोठ्या माणसांना बोलवा, गाडी बोलवा. रागावतील म्हणून थांबू नका. रागावून घ्या, पण बोंब मारा.”

“थोडंसंच घेतलं तर?” कुणीतरी विचारलं.

“थोडंसं म्हणजे किती, ते प्रत्येकाचं शरीर वेगळं ठरवतं,” सिस्टर म्हणाल्या. “आणि ते आधी सांगत नाही.”

शिडी उठून उभा राहिला. एवढा उंच मुलगा, पण आवाज पाचवीतल्यासारखा निघाला. “काका, मग टाकीवर…”

“टाकी एका शाळेच्या खिडकीतून दिसत होती रे. तो तिथे कधीच नव्हता.”

“आणि नळातला आवाज?”

“हवा. तुमचे सर बरोबर सांगतात.”

घंटा झाली. नेहमी घंटेआधीच दारात गर्दी करणारा वर्ग तिसऱ्या-चौथ्या टोल्यापर्यंत बसून होता. मग एकेक उठला. टकळी सगळ्यांच्या पुढून निघून गेली, काकांकडे न बघता. शिडी तिच्या मागे गेला, आणि त्याच्या मागे आणखी काहीजण.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. मोठ्या बाईंनी बिस्किटांची बशी काकांच्या बाजूला सरकवली. मधली सुट्टी संपत आली तेव्हा प्रयोगशाळेचा शिपाई तणतणत आत आला.

“बाई, या पोरांना काही सांगा हो! बेसिनमध्ये काय गोड गोड ओतून ठेवलंय, नुसता चिकट्टा. नळ सोडला तरी जात नाही. उद्या मुंग्यांची यात्रा भरेल तिथे.”

“धुऊन टाका,” मोठ्या बाई म्हणाल्या. “भरपूर पाणी सोडा.”

शिपाई गेला. रीळकाकांनी कप खाली ठेवला. “सगळ्या ओतल्या असतील?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते मला कसं कळणार?” सिस्टर म्हणाल्या. अंदाजानं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “चिकट्टा म्हणजे एक-दोन नसतील.”

सिस्टर गाडी काढायला पुढे गेल्या. रीळकाका पिशवी घेऊन निघाले. शाळेच्या रुंद पायऱ्यांवर खालच्या वर्गातली मुलं डबे उघडून आडवीतिडवी पसरली होती. काकांना बघून ती किलबिलली.

“काका आले! काका, आमच्या वर्गात कधी येणार?”

“पिपाण्या कसा आहे, काका?”

मुलं नेहमी असंच विचारायची, शेजारच्या घरातल्या माणसाची खुशाली विचारावी तसं. आणि काका नेहमी सांगायचे, मजेत आहे, तुमची आठवण काढत होता. आज त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“पिपाण्या गेला, बाळांनो.”

“गेला?” दोन वेण्या घातलेल्या एका मुलीच्या हातातला घास तसाच राहिला. “कधी?”

रीळकाकांनी मागे वळून नववीच्या वर्गाकडे पाहिलं.

“आत्ताच,” ते म्हणाले.

मुलीनं घास डब्यात परत ठेवला. डब्याला झाकण लावलं, तो काखेत घेतला आणि ती उठून भिंतीशी उभी राहिली. तिला बघून शेजारचा उठला. मग त्याच्या खालच्या पायरीवरची दोघं. कुणी सांगितलं नव्हतं, पण एकेक करत वरपासून खालपर्यंत सगळी उठली आणि दोन्ही बाजूंना सरकली.

मधली वाट मोकळी झाली. रीळकाका तिच्यावरून कठड्याला न धरता उतरले.